तांदळातलं सिमकार्ड

परदेशात मोबाईल कसा चालवावा हे अख्ख्या मराठवाड्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे दाजी. मोबाईल कंपन्यांना ते कळत नाही, विमान कंपन्यांना कळत नाही, आणि जे वर्षाआड दुबईला जाऊन खजूर घेऊन येतात त्यांना तर मुळीच कळत नाही. हे मत माझं नव्हे, खुद्द दाजींचं आहे. पण सेलूतल्या इतक्या शहाण्यासुरत्या लोकांनी ते मान्य करून टाकलंय की मी एकटी कुणाकुणाशी भांडू? दाजी स्वतः अगदी अलीकडेपर्यंत परदेशात गेलेले नव्हते, ही गोष्ट कुणालाच खटकली नाही. परदेश राहू द्या, हैदराबादच्या पलीकडे गेलेले नव्हते, आणि हैदराबादही पाहिलं ते एका डोळ्यानं, कारण दुसऱ्याचं ऑपरेशन करायलाच ते तिथं गेले होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. आमचं माहेर पिंगळीचं. आक्काला सेलूला दिलं, मला परभणीत. मी शाळेत पोरं सांभाळून घसा बसवून घेतला आणि आक्कानं दाजींना सांभाळून. मेहुणीचं नातं थट्टेचं, त्यामुळे दाजींबद्दल वाटेल ते बोलायचा परवाना मला लग्नाच्या मांडवातच मिळालेला आहे. त्या मांडवात मी त्यांचे जोडे लपवले, तेव्हा रागवायचं सोडून ते म्हणाले होते, "लपवलेत ते ठीक हाय बाईसाहेब, पर उन्हात न्हाई ना ठिवले? चामडं आकसतंय." आक्काच्या पानात काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळलं.

दाजींची सगळी हयात सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्यात गेली. कापसाची गाडी आली की ते ढिगाच्या वरचा कापूस कधी बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, मूठभर कापूस ओढून काढायचे, दोन्ही अंगठ्यांच्या मधे धरून धागा ताणायचे, उजेडाकडे धरायचे आणि एकच शब्द बोलायचे: उत्तम, मध्यम, नाहीतर फरदड. फरदड म्हणजे झाडानं अखेरीला कसाबसा दिलेला, आखूड धाग्याचा कापूस, आणि दाजींच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. नोकरी संपली, पण हात आत घालायची खोड काही गेली नाही. मंडईत ते टोपलीतली वरची वांगी बाजूला सारतात आणि तळाची मागतात. भाजीवाल्या त्यांना लांबून येताना बघूनच टोपलीवर पोतं टाकतात. पंगतीत वाढप्याला म्हणतात, "वरचा भात त्यांना वाढ, मला बुडाचा आण." माझं लग्न ठरवायच्या वेळी घरातली बाकीची मंडळी मुलाचा पगार, शेती, भाऊबंद असलं विचारत बसली होती, आणि दाजी उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून नवरदेवाच्या चपला उलट्यापालट्या करून बघत होते. आत येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "टाच एका अंगानं झिजलीय. माणूस रेंगाळत चालतंय, पर चालतंय. मध्यम. करून टाका." आमच्या घरात आजही माझ्या नवऱ्याला मध्यम म्हणतात, आणि एवढा संसार झाल्यावर मी सांगते, प्रत बरोबर काढली होती.

असा माणूस मोबाईलच्या प्लॅनकडे वळला तो मुलामुळे. नितीन हा आक्का-दाजींचा एकुलता एक. शिकायला पुण्याला गेला, तिथून कॅनडाला गेला, तिथंच नोकरी लागली, लग्नापुरता इकडे आला आणि हळद उतरायच्या आत परत गेला. एकदा फोनवर म्हणाला, "बाबा, आईला घेऊन या की इकडं." एवढं म्हणायचा अवकाश, दाजींनी दोघांचे पासपोर्ट काढले, व्हिसाचे शिक्के करून घेतले, आक्का लोकरीच्या टोप्या विणायला बसली आणि दाजी मोबाईलच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदारानं बिचाऱ्यानं सरळ सांगितलं की तीन रस्ते आहेत. आपल्याच नंबरावर परदेशाचा पॅक मारा, किंवा तिथं उतरल्यावर तिथलं सिम घ्या, किंवा ते नवीन निघालंय, सिमकार्डच नसलेलं सिम, ते फोनमध्ये उतरवून घ्या. दुसरा माणूस असता तर त्यातलं एक उचलून घरी गेला असता. दाजींनी खुर्ची जवळ ओढली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

पहिल्यांदा त्यांनी ते कार्ड नसलेलं सिम मोडीत काढलं. "जे चिमटीत धरता येत न्हाई, त्याची प्रत मी काय सांगू?" तिथं उतरल्यावर सिम घ्यायचं, तर विमानतळावरचा दुकानदार म्हणजे ढिगाच्या वरचा माल, त्याच्यावर इतबार कोण ठेवणार? राहिला आपल्या नंबरावरचा पॅक. त्यासाठी दाजींनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि आम्ही सगळे चहाचे कप हातात धरून ऐकत बसलो. "बाई, मला आधी हे सांगा, ह्यो पॅक इमान सुटल्यावर सुरू हुतोय का जमिनीला पाय लागल्यावर?" पलीकडची मुलगी म्हणाली, तिकडच्या नेटवर्कला फोन जोडला की. "मंग मधी दुबईला इमान दोन तास थांबलं, आन फोन आपसूक तिकडं जोडला गेला, तर ती माझी चूक का तुमची?" मुलगी म्हणाली, सर, तो देश वेगळा धरला जाईल. "आन ढगात असताना?" मुलीनं होल्डवर टाकून गाणं लावलं. "आन रात्री तिकडं तारीख बदलंना गेली अन् हिकडं बदलली, तर दिवस कुणाचा धरायचा?" शेवटी ती मुलगी मेटाकुटीला येऊन म्हणाली, "सर, तुमची प्रवासाची तारीख सांगता का, म्हणजे मी बघून सांगते." दाजींनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती जरा पोराला इचारून सांगतो."

ती तारीख ठरायची आणि मोडायची. पहिल्या खेपेला बॅगा भरून झाल्यावर नितीनचा फोन आला की थंडी फार पडलीय, तुम्हाला सोसणार नाही. दुसऱ्या खेपेला उन्हाळा होता, थंडीचं नाव घेता येईना, तर नोकरी बदलली. मग घर बदललं. मग सून बाळंत व्हायची होती. आक्कानं डिंक आणला, खारका कुटल्या, लाडू वळले, पातळ सुती दुपटी शिवली, आणि निघायच्या तोंडावर फोन आला की सूनबाईचे आईवडील येताहेत, घरात इतकी माणसं मावायची नाहीत, तुम्ही पुढच्या वर्षी या. फोन नेहमी बॅगा भरून झाल्यावरच यायचा. आधी सांगितलं असतं तर निदान कुलपं तरी लावून झाली नसती. त्या डिंकाच्या लाडवांचं आक्कानं काय केलं म्हणता? शेजारच्या गल्लीत एक पोर बाळंत झाली होती, तिला डबा नेऊन दिला आणि घरी येऊन म्हणाली, "कुणाच्या का असंना, बाळंतिणीच्याच तोंडात गेले." मला असला समजूतदारपणा झेपत नाही. मी त्या दिवशी भांडी घासता घासता नितीनला अशा शिव्या दिल्या की मध्यम उठून दुसऱ्या खोलीत गेले.

आणि दाजी? दाजी दरवेळी एकच म्हणायचे, "बरं झालं. तसाबी त्यो पॅक फरदडच हुता. फुडच्या साली नवीन येतील, त्यातला बघू." आणि खरोखर पुढच्या साली नवीन पॅक यायचे, जुने बंद व्हायचे, आणि दाजी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. जाणं होत नव्हतं पण तयारी थांबत नव्हती, त्यामुळे व्हायचं तेच झालं. बाकीचे लोक एकदा जाऊन येतात आणि विसरतात. दाजी दरसाल ताजे. हळूहळू गावात बातमी पसरली. कुणाचा पोरगा जर्मनीला निघाला, कुणी हजला निघालं, कुणाला कंपनीनं सिंगापूरला धाडलं, की लोक आधी दाजींच्या ओसरीवर. दाजी पायावर पाय टाकून बसायचे आणि वकिलासारखे उलटतपासणी घ्यायचे. "फोटू धाडायचेत का तोंड दावायचंय?" "रस्ता इचारायला लागतोय का संगं माणूस हाय?" "तुमच्यामागं रडणारं कोण हाय घरात? मंग बोलायचा पॅक घ्या, नुसता नेटचा नगं."

एकदा बोरीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी आल्या. त्यांची बौद्ध उपासकांची मंडळी श्रीलंकेला चालली होती, बोधिवृक्षाचं दर्शन घ्यायला. दाजींनी त्यांना तासभर सोडलं नाही. झाडाखाली बसून घरच्यांना दर्शन घडवायचं असेल तर नेट किती जाईल, दर्शनाच्या आधी फोटो पाठवले तर दर्शनाच्या वेळी शिल्लक राहील का, गाईड मराठी बोलतो का, सगळं विचारलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "आम्ही तिथं फोन बंदच ठेवावा म्हणतोय." दाजी इतके दुखावले की त्यांनी चहाचा दुसरा कप नाकारला. पण ती माणसं मोठी गोड. परत आल्यावर मुद्दाम सेलूला वाट वाकडी करून आली, झाडाखाली पडलेलं एक पिंपळपान आक्काच्या हातावर ठेवलं. आक्कानं ते डोळ्यांना लावलं आणि त्या बाईंना विचारलं, "लय लांब हाय का वो लंका?" बाई म्हणाल्या, "न्हाई आक्का, इमानानं जवळच हाय." आक्का म्हणाली, "आन कॅनडा?" तेव्हा दाजी चपला घालून अंगणात गेले.

आक्का गेली ती कावीळ अंगात मुरून गेली. परभणीला माझ्याजवळ आणली होती. नितीनला पहिल्या दिवशी कळवलं, तो म्हणाला तिकीट बघतोय. दुसऱ्या दिवशीही बघत होता. तिसऱ्या दिवशी बघायचं कारण उरलं नाही. मग म्हणाला, मावशी, मी पोचेपर्यंत थांबवू नका, मला व्हिडिओवर दाखवा. बायकांनी स्मशानात जाऊ नये म्हणतात. मी गेले, मला अडवायची कुणाची छाती झाली नाही. दाजींनी एका हातानं अग्नी दिला आणि दुसऱ्या हातात फोन धरला होता. बायको जळत होती आणि हा माणूस फोन वर धरून, खाली धरून, एकदा लिंबाच्या झाडाकडे जाऊन, विचारत होता, "दिसायलंय का बाळा? आता दिसायलंय का?" मी तो फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादं लेकरू उचलून फेकून दिलंय. त्या दिवसापासून नितीन माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. आई-बापाचं प्रेम असतं म्हणून ते सोडून देतात, मावशीनं का सोडावं?

वर्षश्राद्ध झाल्यावर मी त्याला फोन करून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, शाळेत शिकवणाऱ्या बाईनं तर नाहीच. पण तिकीट आलं. दाजींचं एकट्याचं, हैदराबादहून सुटणाऱ्या विमानाचं. दाजी पुन्हा दुकानात जाऊन बसले, पुन्हा मदत केंद्राच्या मुलींचा जीव खाल्ला, आणि अखेर आपल्याच नंबरावरचा एक पॅक नक्की केला. मी म्हटलं, सुटलो बाई. पण सुटका एवढ्यात नव्हती. दाजींनी पंचांग काढलं, तर निघायचा दिवस निघाला अमावास्येचा.

आमच्याकडे अशा वेळी प्रस्थान ठेवतात. निघायचा दिवस वाईट असला तर त्याआधीचा चांगला दिवस बघायचा, आणि त्या दिवशी फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाचं अंगावरचं एखादं वस्त्र बांधून जायच्या वाटेवरच्या कुणाच्यातरी घरी ठेवून यायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात, आणि निघताना ते गाठोडं उचलून पुढे जायचं. मधल्या काळात ते सोडायचं नाही, परत घरी न्यायचं नाही. हैदराबादची वाट परभणीवरून, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी सकाळच्या गाडीनं दाजी गाठोडं घेऊन माझ्याकडे हजर. मी देवघरात पाट मांडला, गाठोडं ठेवायच्या आधी सहज चाचपलं, तर वस्त्र हाताला लागेना. विचारलं तर म्हणाले, "सिम ठिवलंय."

"सिम?"

"फोनमधलं. पॅक मारून ठिवलाय त्याच्यावर. कागदात गुंडाळून तांदळात घातलंय."

मी म्हटलं, "अहो दाजी, उपरणं ठेवतात, नाहीतर धोतर. सिम ठेवलेलं कुणी ऐकलंय का?"

"उपरणं काय करतंय कॅनडात?" दाजी म्हणाले. "खरा परवास तर सिमच करणार हाय बाईसाहेब. मी आपला त्याच्या मागं मागं."

"आणि दोन दिवस तुम्हाला फोन कसा लावायचा?"

"नका लावू," म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं सेलूला परत गेले. मी मध्यमला सांगितलं, तेही पोट धरून हसले. आम्ही दोघांनी देवघरातल्या त्या गाठोड्याला नमस्कार केला आणि वर एक फूल ठेवलं. मला वाटलं, दाजींच्या तऱ्हेवाईकपणाची ही हद्द झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी तव्यावर असताना माझा फोन वाजला. नितीन. मला फोन करायची त्याची पद्धत नाही, वर्षश्राद्धापासून तर नाहीच. आवाज गोड काढून म्हणाला, "मावशी, बाबांचा फोन का लागत नाहीये? कालपासून करतोय, बंद येतोय."

"काय काम आहे?"

"अगं, जरा प्रॉब्लेम झालाय. हिचे आईबाबा इथंच आहेत अजून, त्यांनी मुक्काम वाढवलाय. एवढ्या घरात कसं होणार? मी बाबांचं तिकीट पुढं ढकलतो, दोन-तीन महिन्यांनी मोकळं होईल सगळं. तू जरा त्यांना समजावून सांग ना. तुझं ऐकतात ते."

भाकरी जळाली. जळू दिली. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या बाबांचं प्रस्थान ठेवलंय. त्यांचं सिम माझ्या देवघरात तांदळात आहे."

"काय?"

"सिम. तांदळात. ते आता मधेच काढता येत नाही, आणि प्रवास सुरू झालाय. सुरू झालेला प्रवास थांबवायचा नसतो."

"मावशी, हा काय वेडेपणा आहे? शेजारच्या काकांचा नंबर दे, मी त्यांच्याकडून निरोप देतो."

"माझ्याकडे नाही." तो नंबर माझ्या फोनमध्ये होता, आहे. "आणि हे बघ नितीन, बाबा परवा तुझ्याकडे उतरतील. विमानतळावर उभा राहा. जागा नसेल तर तुझ्या सासऱ्यांना जमिनीवर झोपव, नाहीतर तू झोप. नाही आलास तर मी इथनं येईन, आणि मला कुठल्या पॅकची गरज लागत नाही, माझा आवाज तसाच ऐकू येतो." फोन ठेवला आणि जळकी भाकरी तव्यावरून काढली. मला त्या वेळी दाजींच्या येडेपणाचा एवढा आनंद झाला की मी गाठोड्यावरचं कालचं फूल काढून ताजं ठेवलं. देवच म्हणायचा, म्हटलं, ह्या माणसाला नेमकी हीच अवदसा आठवली.

अमावास्येला दाजी बॅग घेऊन आले. कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात उपरणं, जे गाठोड्यात ठेवायला हवं होतं ते. जेवले, देवघरातलं गाठोडं उचललं, आक्काच्या फोटोपुढे उभे राहिले आणि बाहेर पडले. संध्याकाळच्या गाडीला मी आणि मध्यम सोडायला गेलो. हैदराबादला जिनिंगमधला एक जुना सोबती उतरवून घेणार होता, तो विमानतळापर्यंत पोचवणार होता. गाडीला वेळ होता. दाजींनी बाकावर बसून गाठोडं सोडलं, तांदूळ बॅगेच्या कप्प्यात ओतले, आणि कागदात गुंडाळलेलं सिम सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं.

मी म्हटलं, "घाला की आता फोनमध्ये. प्रस्थान उचललं, झालं."

"घालू की. इमानात बसल्यावर."

"अहो, वाटेत काही लागलं तर?"

"काय लागतंय? तिकीट कागदावर काढलंय." मग त्यांनी रिकाम्या फडक्याची बारीक घडी घातली. मध्यम पाण्याची बाटली आणायला गेले होते. तेव्हा माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "नितीनचा फोन आलता का तुमच्याकडं?"

मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते. "नाही," म्हटलं.

"बरं झालं," दाजी म्हणाले. "दरसाल निघायच्या दोन दिस आधीच येतोय त्याचा फोन. लगेच वळखू येतोय. आवाज गोड असतोय." त्यांनी सदऱ्याचा खिसा वरून दाबून बघितला. "आक्काला मी दरवेळेस म्हणलो, पॅक चांगला न्हाई, म्हणून थांबलाव. तिला कळायचं सगळं. पर ती काय बोलायची न्हाई, टोप्या पेटीत ठिवायची. ह्या बारीला म्हणलं, सिमच घरात नगं. तांदळात असलेल्या फोनावर कोण नगं म्हणतंय?"

एवढी वर्षं मी या माणसाला हसले. ऐन वेळी परवाना जवळ असून एक शब्द सापडेना. मध्यम बाटली घेऊन आले, गाडी आली, दाजी खिडकीत बसले. त्यांच्या बॅगेत सगळ्यात वर एक लहानशी लोकरीची टोपी होती, निळी. गाडी पिंगळीच्या दिशेनं दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर उभी होते, आणि मनात एवढंच येत होतं की निदान उद्या दुपारपर्यंत तरी कुणालाही ह्या माणसाला गाठता येऊ नये.

नितीन विमानतळावर आला होता. यावंच लागलं. दाजी तिकडे राहिले, बर्फ बघितलं, सूनबाईच्या वडिलांशी त्यांचं म्हणे बरं जमलं, दोघं एकाच खोलीत झोपायचे आणि दोघांनाही घोरायची सवय, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. परत आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?" म्हणाले, "नातवाला मराठी येत न्हाई, मला त्याचं इंग्रजी येत न्हाई. पर लय बोललाव." नितीनबद्दल काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ती निळी टोपी मात्र परत आली नाही, ते मी बॅग उघडताना बघून घेतलं.

परवा मी सेलूला गेले होते. ओसरीवर जिंतूरकडचे एक गृहस्थ बसलेले, मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेले. दाजींची कीर्ती ऐकून आले होते, बायकोलाही घेऊन आले होते. मी म्हटलं, आता दोन तासांची निश्चिंती. "तर कोणता पॅक घ्यावा म्हणता?" गृहस्थांनी विचारलं. दाजींनी नेहमीची उलटतपासणी काढलीच नाही. एवढंच विचारलं, "पोरीनं बोलीवलंय, का तुमीच निघालात?"

ते हसले. "तिनंच हो. रोज फोन. बाबा कधी येताव, आईला काय आवडतंय, गादी कसली घेऊ. डोकं खाल्लंय पोरीनं."

"मंग कोणताबी घ्या," दाजी म्हणाले. "काय फरक पडत न्हाई."

ते दोघं जरा हिरमुसले. एवढ्या लांबून आले होते, आणि ज्याच्या नावाचा एवढा बोलबाला तो माणूस पाच मिनिटांत मोकळा झाला. दाजी त्यांना बसा म्हणाले आणि चहा टाकायला उठून आत गेले. आक्का गेल्यापासून चहा तेच करतात. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना अजून सापडत नाही, पण मी उठले नाही, त्यांना थोडा वेळ आतच राहू दिलं.